कर्ज आणि घराच्या अडचणीत मदत करण्याचं करिअर: कामाचा क्रम कुठे चुकतो आणि तो कसा लावायचा

या क्षेत्रात येऊ पाहणारे बरेच जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. आधी अभ्यासक्रम, मग प्रमाणपत्र, मग नोकरी. आणि नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात समोर बसलेल्या माणसाला बचतीचं महत्त्व समजावायला लागतात. त्या माणसाला चार दिवसांत घर रिकामं करायचं असतं, आणि ते नोटिशीवर लिहिलेलं असतं. नोटीस पिशवीत तळाला असते. ती काढून बघायला कुणी सांगितलेलंच नसतं.

हा लेख अशा कामात शिरू पाहणाऱ्यांसाठी आणि नुकत्याच शिरलेल्यांसाठी आहे. कायदे आणि योजना देशागणिक, राज्यागणिक बदलतात. त्या तुमच्या तुम्हाला शिकाव्या लागतील. कामाचा क्रम मात्र फारसा बदलत नाही. त्यातलं मुख्य सूत्र असं: आधी तारीख बघायची, मग छप्पर, आणि रकमेचा विचार त्यानंतर.

## १. कोणतं काम करायचं ते आधी ठरवा

‘गरजूंना मदत करायची आहे’ एवढ्यावर नोकरी शोधता येत नाही. या एका छत्रीखाली निदान चार वेगळी कामं येतात आणि प्रत्येकाला वेगळा स्वभाव लागतो.

कर्ज-समुपदेशक दिवसभर आकड्यांशी आणि देणेकऱ्याच्या लाजेशी झुंजतो. घर-समुपदेशक भाडेकरार, थकबाकी, घर सोडण्याची नोटीस आणि गृहकर्जाचे थकलेले हप्ते बघतो. केस वर्कर एकाच कुटुंबासोबत कित्येक महिने चालतो. दवाखाना, शाळा, कचेरी सगळीकडे त्याचं जाणं-येणं असतं. चौथा असतो प्रत्यक्ष वस्तीत किंवा रस्त्यावर जाऊन लोकांशी ओळख वाढवणारा कार्यकर्ता. त्याच्याकडे टेबल नसतं आणि पहिले कित्येक दिवस ‘काम’ म्हणून दाखवण्यासारखंही काही नसतं. कागद आवडणाऱ्याने चौथ्या कामाला जाऊ नये. एका जागी बसवत नाही त्याने पहिल्याला हात घालू नये.

सावध: ‘आर्थिक सल्लागार’ या नावाखाली विमा, गुंतवणूक किंवा नवं कर्ज विकण्याच्या नोकऱ्याही असतात. जाहिरातीत पगारापेक्षा कमिशन ठळक असेल, तर ते हे काम नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला नवं कर्ज विकून तुमचा पगार निघणार असेल, तर तुम्ही त्याच्या बाजूला बसलेले नाही.

## २. अर्ज करण्याआधीची तयारी

पदवी समाजकार्याची असो, वाणिज्याची असो की कायद्याची, दरवाजा उघडतो. पण मुलाखतीत आणि प्रत्यक्ष कामात उघडे पडतात ते बहुधा व्याजाच्या हिशेबात. म्हणून हा भाग जरा थांबून करा.

किमान भरणा. क्रेडिट कार्डाची थकबाकी १,००,००० आहे, व्याज दरमहा ३ टक्के आहे आणि माणूस दरमहा व्याजासह होणाऱ्या एकूण थकबाकीच्या फक्त ५ टक्के भरतो आहे असं धरा. वर्षभरात तो सुमारे ५५,००० भरतो. वर्षअखेर थकबाकी किती उरते? सुमारे ७७,०००. म्हणजे ५५,००० भरून कर्ज उतरलं २३,०००ने. हा हिशेब कागदावर स्वतः बारा ओळींत मांडून बघा. ‘मी तर दर महिन्याला भरतोय, मग कर्ज कमी का होत नाही?’ हा प्रश्न तुम्हाला नोकरीभर ऐकायचा आहे. त्याचं उत्तर समोरच्याच्या कागदावर, त्याच्याच आकड्यांनी देता आलं पाहिजे.

सपाट दर आणि घटता दर. १२,००० चं कर्ज, १२ महिने, ‘१२ टक्के सपाट व्याज’. व्याज १,४४० आणि हप्ता १,१२०. ऐकायला स्वस्त वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण १२,००० वर लावलेलं असतं. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. दोन कर्जांची तुलना करताना दोन्ही दर एकाच पद्धतीत आणल्याशिवाय तोंड उघडू नये.

आठवड्याचे पैसे. आठवड्याच्या पगाराला किंवा हप्त्याला ४ ने गुणून महिना काढणं ही सर्रास होणारी चूक. वर्षात आठवडे ५२, म्हणून गुणाकार ४.३३ ने करायचा. आठवड्याला २५० चा हप्ता म्हणजे महिन्याला १,००० नव्हे, साधारण १,०८३. वर्षाला जवळजवळ १,००० चा फरक पडतो आणि ओढाताणीच्या घरात तेवढ्याने आखणी कोसळते.

हिशेबानंतर कायदा. सगळा कायदा पाठ करायची गरज नाही. तुमच्या भागापुरत्या चार प्रश्नांची उत्तरं मात्र लिहून ठेवा: घर सोडायला सांगण्याआधी किती दिवसांची आणि कोणत्या स्वरूपाची नोटीस लागते? प्रत्यक्ष घराबाहेर काढण्याचा अधिकार कुणाला आहे? कोणतं कर्ज तारणाचं धरलं जातं? मोफत कायदेशीर मदत कुणाला मिळते आणि कुठे?

घराच्या बाजूचा विचार व्यापक व्हावा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीने १९९१ साली काढलेली सामान्य टिप्पणी क्रमांक ४ वाचा. पुरेसं घर म्हणजे काय याच्या सात कसोट्या तिथे आहेत: ताब्याची कायदेशीर शाश्वती, पाणी-वीज यांसारख्या सोयी, परवडणं, राहण्यायोग्यता, सर्वांना वापरता येणं, ठिकाण आणि सांस्कृतिक अनुरूपता. भाडं परवडतं, पण कामाची जागा दोन तासांवर आहे. अशा घरात माणूस का टिकत नाही, ते या यादीवरून चटकन कळतं.

तपासा: एखादा अनोळखी भाडेकरार आणि एखादा कर्ज-करार हातात घेऊन दहा मिनिटांत मुदत, रक्कम, दंड, जामीनदार आणि करार मोडण्याच्या अटी शोधता येतात का? येत नसतील तर अर्ज आठवडाभराने करा.

## ३. कुणाच्या तरी शेजारी बसा

प्रमाणपत्राआधी ही पायरी. मोफत सल्ला देणाऱ्या एखाद्या संस्थेत आठवड्यातला एक दिवस स्वयंसेवक म्हणून मागा. पहिल्या दिवसांत बोलायचं नाही. कागद लावायचे, झेरॉक्स काढायच्या, अनुभवी माणूस प्रश्न कोणत्या क्रमाने विचारतो ते टिपायचं.

प्रमाणपत्राचा अभ्यास त्यानंतर केला की डोक्यात बसतो. कोणता अभ्यासक्रम निवडावा हे कळत नसेल, तर अमेरिकेच्या गृहनिर्माण विभागाच्या घर-समुपदेशक परीक्षेतले सहा विषय मोजपट्टी म्हणून घ्या: पैशांचं व्यवस्थापन, घराची देखभाल, मालक आणि भाडेकरू यांच्या जबाबदाऱ्या, भेदभावविरोधी कायदे, घर परवडण्याचा हिशेब, आणि थकबाकी व घर जाण्याचा धोका. तुमच्या समोरच्या अभ्यासक्रमात शेवटचा विषय नसेल, तर तो मुख्यतः घर विकत घेणाऱ्यांसाठी बनवलेला आहे.

## ४. पहिली भेट: प्रश्नांचा क्रम

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या भेटीत तीनच गोष्टी साधायच्या: संमती, तारीख, कागद.

संमतीपासून सुरुवात करा. कोणती माहिती लिहिणार, कुणाला दाखवणार, कुणाला दाखवणार नाही, हे सोप्या शब्दांत सांगा आणि सही घ्या. नवरा-बायको दोघं आले असतील तर कधीतरी दोघांशी वेगवेगळं बोला. कर्ज कुणाच्या नावावर आहे आणि ते कुणी काढायला लावलं, या दोन प्रश्नांची उत्तरं नेहमी एकच नसतात.

मग लगेच विचारा: ‘येत्या सात दिवसांत काही घडणार आहे का?’ कोर्टाची तारीख, घर सोडायची मुदत, वीज तोडण्याची सूचना, जप्ती. उत्तर ‘हो’ आलं तर उरलेली भेट त्या एका गोष्टीसाठी. बाकीची फाईल पुढच्या वेळी.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची. ‘एवढं कर्ज कशाला काढलंत?’ हा प्रश्न कधीच विचारायचा नसतो. त्याने माणूस खोटं बोलायला लागतो आणि एखादा सावकार लपवतो. त्याऐवजी ‘हे कधीपासून जड जायला लागलं?’ असं विचारा. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांच्या मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या संवादपद्धतीतली चार कौशल्यं इथे कामी येतात: उघडे प्रश्न, केलेल्या प्रयत्नांची दखल, ऐकलेलं त्याच्याच अर्थाने परत बोलून दाखवणं आणि अधूनमधून गोळाबेरीज. सगळ्यात अवघड तिसरं. आपण परत बोलताना नकळत उपदेश मिसळतो.

सावध: जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा आली, किंवा वसुलीला येणाऱ्याकडून मारहाणीची धमकी असेल, तर हिशेबाची वही बंद करा. आधी सुरक्षितता. संस्थेत अशा वेळी कुणाला हाक मारायची आणि कुठे जोडून द्यायचं, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवलेलं असावं.

## ५. पिशवीतले कागद

लोक कागद पिशवीत भरून आणतात आणि त्यातली निम्मी पाकिटं फोडलेलीही नसतात. ती त्यांच्यासमोर, त्यांच्या परवानगीने फोडा. ढीग तीन करा: तारीख असलेले, रक्कम असलेले, ओळख पटवणारे. तारखेचा ढीग आधी वाचायचा.

प्रत्येक कागदाचा फोटो किंवा झेरॉक्स घ्या आणि मूळ प्रत परत द्या. मूळ प्रत स्वतःकडे ठेवणं ही नवख्यांची मोठी चूक. तुम्ही रजेवर असता आणि नेमकी त्याच दिवशी कोर्टात ती लागते.

तपासा: भेट संपताना समोरच्याच्या हातात एक चिठ्ठी आहे का? पुढची तारीख, तुम्ही काय करणार, त्याने काय करायचं. त्याच्या वाट्याला दोनच कामं द्या. पाच दिली तर एकही होत नाही.

## ६. महिन्याचा खरा हिशेब

उत्पन्न लिहिताना चांगल्या महिन्याचं लिहू नका. कमाई कमी-जास्त होत असेल तर गेल्या सहा महिन्यांतला सर्वांत वाईट महिना धरून आखणी करा आणि जास्त आलेलं वेगळं ठेवा. खर्चाच्या बाजूला वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून घाला: शाळेची फी, विमा, औषधं, दुरुस्ती.

घर परवडण्यासाठी उत्पन्नाच्या ३० टक्क्यांची मर्यादा यूएन-हॅबिटॅटसह अनेक ठिकाणी वापरली जाते. आकडेवारीसाठी ती ठीक. एका कुटुंबासाठी मला ती फारशी उपयोगाची वाटत नाही. एकट्या माणसाला ३५ टक्के भाडं झेपू शकतं आणि पाच खाणाऱ्या तोंडांना २५ टक्केही जड जातं. भाडं दिल्यावर हातात काय उरतं आणि तेवढ्यात घर चालतं का, हे मोजा.

हिशेबात एखादी चैन दिसली की नवा समुपदेशक तिथे लाल रेघ ओढतो. थांबा. त्या रकमेने थकबाकी किती कमी होणार ते आधी मोजा. बहुतेकदा चहा-सिनेमाचे पैसे वाचवून घर वाचत नाही, आणि त्यावरून टोकलेला माणूस पुढच्या भेटीला येत नाही.

## ७. कोणतं देणं आधी

लोकांच्या घरात देण्यांचा क्रम ठरतो तो आवाजावरून. जो दिवसातून दहा फोन करतो, त्याचे पैसे आधी जातात. घरमालक भला असतो, थांबतो, म्हणून भाडं मागे राहतं. एक दिवस तोही थांबत नाही.

तुम्ही क्रम परिणामावरून लावायचा. न भरल्यास काय जाईल? घर जाणार असेल तर भाडं किंवा गृहकर्ज सर्वांत वर. मग पाणी, वीज, इंधन. मग कोर्टाचे आदेश, दंड, कर आणि मुलांच्या पोटगीसारखी देणी. मग ज्यावर पोट चालतं त्या वाहनाचं किंवा यंत्राचं कर्ज. विनातारण वैयक्तिक कर्ज आणि कार्डाची थकबाकी त्यानंतर, त्यांचे फोन कितीही येवोत.

तळाच्या गटात पुन्हा क्रम लागतो. सर्वांत जास्त व्याजाचं आधी फेडलं तर एकूण पैसे वाचतात. सर्वांत छोटं आधी फेडलं तर एक नाव लवकर खोडलं जातं. गणित पहिल्याच्या बाजूने आहे. थकून गेलेल्या, तीनदा आखणी मोडलेल्या माणसाला मी तरी दुसरा मार्ग सुचवेन.

सावध: विनातारण कर्ज फेडण्यासाठी घर तारण ठेवून नवं कर्ज काढण्याचा सल्ला फार सहज दिला जातो. हप्ता कमी होतो, हे खरं. पण ज्या कर्जापायी आजवर फक्त फोन येत होते, त्यापायी उद्या घर जाऊ शकतं.

## ८. समोरच्या पक्षाशी बोलणी

फोनआधी पत्राचा मसुदा लिहा. पत्र लिहिलं की फोनवर काय बोलायचं ते आपोआप ठरतं. पत्रात चार गोष्टी: कुणाच्या वतीने लिहीत आहोत, सोबत संमतिपत्र, महिन्याच्या हिशेबाचा एक पानी तक्ता आणि नेमका प्रस्ताव. ‘सहानुभूतीने विचार व्हावा’ एवढ्यावर कुणी हलत नाही. ‘चालू भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला आणि थकबाकीपोटी वर इतके, इतके महिने’ यावर हलतात.

प्रस्ताव छोटा पण टिकणारा हवा. घाबरलेला माणूस दुप्पट कबूल करून येतो आणि दुसऱ्या महिन्यात मोडतो. मोडलेल्या प्रस्तावानंतर दुसरा मिळवणं पहिल्याहून कठीण असतं.

जे ठरेल ते लेखी घ्या. समोरचा लिहून देत नसेल तर तुम्ही लिहून पाठवा: ‘आज झालेल्या बोलण्यानुसार...’ एकरकमी तडजोड असेल तर पूर्ण देणं मिटल्याचं लेखी मान्य झाल्याशिवाय पैसे देऊ देऊ नका, आणि दिल्यावर ना-देय दाखला आणायला लावा. तोंडी शब्दावर मिटलेलं कर्ज काही वर्षांनी दुसऱ्याच वसुली कंपनीच्या नावाने परत येतं.

सावध: फार जुनं कर्ज असेल तर आधी वकिलाला दाखवा. अनेक कायदेव्यवस्थांमध्ये वसुलीच्या दाव्याला मुदत असते, आणि लेखी कबुलीने किंवा थोडीशी रक्कम भरल्याने ती मुदत नव्याने सुरू होऊ शकते. सद्भावनेने भरायला लावलेला छोटासा हप्ता इथे महागात पडतो.

## ९. घर गेलेलंच असेल तर

आधी स्थिती नीट ओळखा. बेघर म्हणजे फक्त रस्त्यावर झोपणारा नव्हे. युरोपातल्या फेआन्त्सा या संस्था-महासंघाच्या इथॉस वर्गवारीत चार गट आहेत: छप्पर नसलेले, निवाऱ्यात असले तरी स्वतःचं घर नसलेले, असुरक्षित घरात राहणारे आणि अपुऱ्या घरात राहणारे. नातेवाइकाच्या दिवाणखान्यात महिना काढणारं कुटुंब तिसऱ्या गटात येतं. त्यांना ‘सध्या सोय आहे ना’ म्हणून परत पाठवणं ही चूक जागोजागी होते.

दुसरी चूक म्हणजे अटींची शिडी: आधी व्यसन सोडा, आधी नोकरी मिळवा, मग घर बघू. हाउसिंग फर्स्ट पद्धत याच्या उलट चालते. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून रुजलेल्या या पद्धतीत घर आधी देतात, उपचार आणि आधार सोबत राहतात, पण ते घराची अट नसतात. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत सुमारे २,००० लोकांसोबत तिची चाचणी झाली, आणि नेहमीच्या सेवा मिळालेल्यांपेक्षा या पद्धतीतले लोक घरात जास्त काळ टिकले. तुमच्या संस्थेकडे द्यायला घरं नसतील, तरी अट पुढे करण्याची सवय तुम्ही सोडू शकता.

## १०. पाठपुरावा

घर मिळालं, हप्ता ठरला, फाईल बंद. इथेच बरीच प्रकरणं परत येतात. क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन नावाची पद्धत यासाठीच आहे: नऊ महिने, तीन-तीन महिन्यांचे तीन टप्पे. पहिल्यात तुम्ही जवळ असता आणि नवे धागे जोडून देता. दुसऱ्यात मागे सरकून ते धागे ताण सोसतात का बघता. तिसऱ्यात सूत्रं पूर्ण सोपवता. पद्धत तंतोतंत वापरायला संस्थेची तयारी लागते. निदान पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यातला फोन कॅलेंडरवर आजच टाका.

तपासा: फाईल उघडून तुमच्या जागी आलेला नवा माणूस दहा मिनिटांत पुढची तारीख आणि पुढचं पाऊल सांगू शकतो का? नोंदीत ‘समजावून सांगितले’ असं लिहिलं असेल तर नाही सांगू शकत. काय सांगितलं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे लिहा.

स्वतःची सीमारेषाही इथेच येते. स्वतःच्या खिशातून पैसे देऊ नका, जामीनदार राहू नका, खासगी नंबरावर रात्री उत्तरं देऊ नका. एका कुटुंबाला दिलेले पैसे दुसऱ्याला नाकारावे लागतात, आणि मग तुमच्या सल्ल्याकडे कुणी सल्ला म्हणून बघत नाही.

## ११. नोकरीचा अर्ज आणि मुलाखत

अर्जात ‘समाजसेवेची आवड’ लिहिण्यापेक्षा तुम्ही काय हाताळलं ते लिहा: कागद लावणं, हिशेबाचे तक्ते, पत्रांचे मसुदे, कोणत्या भाषा बोलता. कुणाचीही ओळख पटेल असा तपशील चुकूनही घालू नका. गोपनीयता कळत नाही असा शिक्का अर्जावरच बसतो.

मुलाखतीत बहुधा एखादं प्रकरण मांडतात: तीन महिन्यांचं भाडं थकलं आहे, दोन कार्डं आहेत, एका सावकाराकडून उसने आहेत, नोकरी नुकतीच गेली आहे, काय कराल? उमेदवार खर्च कमी करण्यापासून सुरुवात करतात. तुम्ही आधी प्रश्न विचारा: नोटीस आली आहे का, तिच्यावर तारीख कोणती, सावकाराकडून धमकी आहे का, घरात लहान मुलं किंवा आजारी कुणी आहे का. मग क्रम सांगा आणि कोणत्या टप्प्यावर वकिलाकडे किंवा दुसऱ्या संस्थेकडे पाठवाल तेही सांगा.

शेवटी तुम्हाला प्रश्न विचारायची संधी मिळते. तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्या: एका समुपदेशकाकडे एका वेळी किती प्रकरणं असतात, कठीण प्रकरणावर वरिष्ठांशी नियमित बोलणं होतं का, आणि संस्थेला पैसा कुठून येतो. पैसा कर्ज देणाऱ्या कंपन्यांकडून येत असेल, तर सल्ल्यावर त्याचा दबाव येऊ नये म्हणून काय लेखी नियम आहेत ते दाखवायला सांगा. पहिल्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं, तर रुजू होण्याआधी तिथे सध्या काम करणाऱ्या एखाद्याशी बाहेर बोलून घ्या.